घोडी अडली तेव्हा

फोन आला तेव्हा मी कोसबाडजवळच्या एका पाड्यावर शेळ्यांना लस टोचत होते. उन्हाळ्याची सकाळ होती. आंब्याच्या सावलीत बाया आपापल्या शेळ्या कानाला धरून उभ्या होत्या आणि आमच्या दवाखान्याचे परिचर, निवृत्तीला आलेले काका, एकेकीला पुढे बोलावत होते. फोनवर नाव दिसलं ते बोर्डीच्या घोडीवाल्या मामांचं. आवाज मात्र मामींचा होता.

“डॉक्टरबेन, घोडी खाली पडलीय. उठते नि परत पडते. पाणी गेलं तिचं. एकच पाय बाहेर आलाय.”

“एकच? दुसरा दिसत नाही?”

“नाय. एक पाय नि त्याच्यावर थोडं नाक.”

“पाणी कधी गेलं?”

“आत्ताच. मी गवत टाकायला आले तर माझ्यासमोरच गेलं.”

मी मूळची सांगलीकडची. नोकरी तलासरीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, आणि किनाऱ्याकडच्या एका दवाखान्याचा जादा कार्यभार माझ्याकडेच. अडलेल्या गाई, म्हशी, शेळ्या मी पुष्कळ सोडवल्या होत्या, पण घोडी एकही नाही. या भागात घोड्या आहेतच किती? बोर्डीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पोरांना फिरवणारी दोन-चार जनावरं आणि लग्नसराईत वरातीला जाणारी एखादी. घोडीबद्दल मला जे ठाऊक होतं ते कॉलेजात ऐकलेलं. त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. गाय अडली तर डॉक्टरला पोचायला सवड असते. घोडी तशी नाही. तिच्या कळा फार जोराच्या असतात आणि पाणी गेल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं नाही तर ते बहुधा हाती लागत नाही. घोडीचंही काही सांगता येत नाही.

“मामा कुठे आहेत?” मी विचारलं.

“वलसाडला. आज डोळ्याचं ऑपरेशन. मुलगापण त्यांच्याबरोबर. तुम्हाला लावता यावा म्हणून फोन माझ्याकडे ठेवून गेले.”

मला आठवलं. मामांच्या मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेली होती. तिसऱ्यांदा पुढे ढकलायला ते तयार होते, घोडीचे दिवस भरत आले म्हणून. मामींनीच त्यांना दटावून पाठवलं असणार.

या जोडप्याशी माझी ओळख थंडीत झाली होती. घोडी गाभण आहे का, हे बघायला मामांनी मला बोलावलं होतं. चिकूच्या वाडीच्या कडेला त्यांचं घर, मागे नारळाची झाडं आणि पत्र्याचा तबेला. मामा घोडीला ‘दीकरी’ म्हणत. म्हणजे मुलगी. तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहत. मामी दाराशीच थांबल्या होत्या. “यांची दीकरी आहे, माझी कोणी नाय,” त्या मला म्हणाल्या होत्या. घोडीनं एकदा त्यांच्या खांद्याला चावा घेतला होता. तेव्हापासून त्या गवत टाकायच्या ते लांबून, काठीनं पुढे ढकलून. मामा कुठे गावाला गेले की घोडीला पाणी दाखवायला शेजारच्याला हाक मारायच्या.

आणि आता त्या एकट्या होत्या.

“मामी, नीट ऐका,” मी बॅग उचलत म्हटलं. काकांनी तोवर मोटरसायकल चालू केली होती. “घोडीला उठवा आणि चालवा. तिला झोपू देऊ नका. चालली की कळा जरा मंदावतात. मी येईपर्यंत चालवतच राहा.”

“मी?” मामींचा आवाज बारीक झाला. “मी धरू हिला?”

“दुसरं कोणी आहे?”

फोनमधून घोडीच्या धापा ऐकू येत होत्या. मग मामी म्हणाल्या, “नाय. मीच धरते.”

“आणि तो पाय कोणालाही ओढू देऊ नका. दुसरा पाय आत दुमडलेला आहे. ओढलं तर दोघंही जातील.”

शेळीवाल्या बायांना मी दुपारी परत येते असं सांगितलं. त्यांतल्या एकीनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “जा तू, बाई. शेळ्या काय, उभ्या राहतील.”

काका वयाच्या मानानं गाडी जोरात हाणतात, पण रेल्वेच्या फाटकापुढे कोणाचं चालतं? फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती, ती येता येईना. मी मागच्या सीटवर बसून मुंबईच्या आमच्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला. ते घोड्यांचेच डॉक्टर. नशिबानं त्यांनी उचलला. मी भराभर सांगितलं. ते म्हणाले, “घाबरू नकोस. गुडघा दुमडलाय. कळ ओसरली की शिंगरू मागे ढकल, खूर तळहातात झाकून घे आणि वर आण. तुझा हात बारीक आहे, त्याचा आज उपयोग होईल. आणि हे बघ, आधी घोडी. शिंगराचा विचार नंतर.”

मालगाडीचे डबे संपेनात. मी मामींना पुन्हा फोन लावला. उचलला, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. लांबून त्यांचा आवाज येत होता. “चाल माझी बाय, चाल. बस नको. एवढं झाड गाठू, मग ते झाड. चाल.” फोन त्यांनी कमरेला खोचला असावा. मी कापला नाही. फाटक उघडेपर्यंत ते ऐकत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा मामी घोडीला घेऊन नारळांमधून फिरत होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केस सुटलेले, एका हातात दोर आणि दुसरा हात घोडीच्या मानेवर. घोडी घामानं भिजून काळी दिसत होती. चार पावलं टाकून ती थांबायची, गुडघे वाकवायला लागायची, की मामी मानेला खांदा लावून तिला पुढे रेटायच्या. कुंपणापाशी शेजारचे तिघे पुरुष उभे होते. एकाच्या खांद्यावर दोरखंड होता. तो मला तावातावानं म्हणाला, “मॅडम, आम्ही मघाच मोकळी केली असती हिला. गाईचं ओढतो तसं ओढलं असतं. या बाईनं जवळ येऊ दिलं नाय.”

“काय म्हणाली माहिती आहे?” दुसरा म्हणाला. “म्हणते, आधी मला बांधा त्या दोराला, मग तिला.”

मामींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “आल्या बघ डॉक्टरबेन,” त्या घोडीला म्हणाल्या.

घोडीला तबेल्याच्या भिंतीला लावून उभं केलं. काकांनी तोंडाशी दोर धरला. मामींना मी बाजूला व्हा म्हटलं, पण घोडी त्यांच्या दिशेनं मान वळवू लागली तेव्हा त्यांना तिथेच राहू दिलं. जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून शेपटीला गुंडाळला. साबणानं हात धुतले, खांद्यापर्यंत औषधी तेल चोपडलं आणि घोडीच्या बाजूला, लाथ बसणार नाही अशी उभी राहून हात आत घातला.

पुढे आलेला पाय लागला. त्यावर टेकलेलं नाक. मानेखालून चाचपत गेले तर दुसऱ्या पायाचा गुडघा, वाकून घोडीच्या कटीच्या हाडांच्या कमानीत अडकलेला. तेवढ्यात कळ आली. घोडीची कळ काय असते ते मला त्या दिवशी कळलं. माझा हात दंडापासून बोटांपर्यंत बधिर झाला. कळ ओसरल्यावर मी शिंगराच्या तोंडात बोट घातलं. जीभ थंड नव्हती. मी बोट जरा हलवलं आणि ती जीभ बोटाभोवती वळली. एकदाच, अगदी मंद, शिंगरानं माझं बोट चोखलं.

“जिवंत आहे,” माझ्या तोंडून निघालं.

“ऐकलंस?” मामी घोडीच्या कानाशी म्हणाल्या. “जिवंत आहे तुझं.”

कळा सैलावण्याचं इंजेक्शन दिलं. मग दोन कळांच्या मधल्या फटीत शिंगराची छाती मागे ढकलायची आणि पाय वर घ्यायचा, असा प्रयत्न सुरू केला. पहिल्यांदा गुडघा हातात आला आणि कळेनं तो हिसकावून नेला. दुसऱ्यांदा खूर सापडला, पण हात घसरला. तिसऱ्या वेळी मी खूर पूर्ण मुठीत घेतला. तो टोकदार असतो, गर्भपिशवीला लागला तर ती फाटते. मूठ तशीच ठेवून हळूहळू पाय पुढे आणला. तो सरळ झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, थोडं दुखण्यानं आणि बाकीचं कशानं ते सांगता येणार नाही.

घोडी आता आपणहून आडवी झाली. मी दोरखंडवाल्याला हाक मारली. तो धावत आला. मऊ दोर दोन्ही पायांना बांधून त्याला आणि काकांना सांगितलं, “कळ आली की ओढा. खाली, तिच्या मागच्या पायांकडे. कळ थांबली की तुम्हीही थांबा.” मघाचा तो तावातावाचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत, मी म्हणेन तेव्हा आणि तेवढंच ओढत राहिला. घोडी कण्हली, खांदे सुटले, आणि मग सगळं शिंगरू एकदम गवतावर आलं.

तांबूस रंगाचं, लांब पायांचं नर शिंगरू होतं. मी नाकातोंडावरचं आवरण काढलं, छातीवर हात ठेवला. ठोका होता. फार दूरचा वाटावा असा, पण होता. आम्ही गोणपाटानं त्याला चोळलं. नाकपुडीत गवताची काडी फिरवली. एक नाकपुडी दाबून दुसरीतून मी श्वास फुंकला, पुन्हा पुन्हा. छाती वर यायची ती माझ्या फुंकेनं. तळहाताखालचा ठोका विरळ होत गेला. मग मला तो लागेना. मी हात हलवून दुसरीकडे ठेवला, पुन्हा दुसरीकडे. काकांनी माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी थांबले.

मामी घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “श्वास का घेत नाय?” त्यांनी विचारलं.

“गेलं, मामी.”

घोडीच्या डोळ्यांवर त्यांनी पदर धरला, जणू तिला ऐकू आलंच असेल, तर निदान दिसू तरी नये.

कुंपणापाशी कुजबुज झाली. एक जण पुढे येऊन म्हणाला, “उचलून नेतो. बघत बसली तर खंगेल.” मी नको म्हटलं. जनावराला आपलं मेलेलं पिल्लू हुंगू द्यावं, असं आम्हाला शिकवलेलं नाही, पण गाईंच्या बाबतीत मी ते पाहिलं होतं. वासरू अचानक नाहीसं झालं की गाय दिवसच्या दिवस हंबरत राहते. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर काढला.

घोडी उठली. थरथरत वळली आणि शिंगराला हुंगू लागली. नाकातून एक खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज काढत होती. तो आवाज घोडी फक्त आपल्या पिल्लाशी काढते, असं ऐकून होते. तिनं त्याला मानेपासून चाटायला सुरुवात केली. चाटून त्याचे केस कोरडे केले. मधेच नाकानं ढुशी द्यायची, थांबायची, वाट बघायची, पुन्हा ढुशी. सगळे पुरुष एकेक करून निघून गेले. मी आणि मामी तिथेच बसलो.

फोन वाजला. मामांच्या मुलाच्या फोनवरून मामाच बोलत होते. ऑपरेशन व्हायचं होतं, नंबर लागलेला नव्हता. मामींनी फोन कानाला लावला आणि मला वाटलं, त्या आत्ता काही सांगणार नाहीत. पण त्यांनी सांगितलं.

“व्याली. पोर गेलं. ती आहे.”

पलीकडून मामा काहीतरी म्हणाले. मामींनी उत्तर दिलं, “तुम्ही डोळा करूनच या. इथं मी आहे ना.”

दुपारी घोडी आपणहून शिंगरापासून बाजूला झाली. पाणी प्याली, थोडं गवत चघळलं. तेव्हा मामींनी दोरखंडवाल्याला बोलावून वाडीच्या टोकाला खड्डा खणवला आणि शिंगरू जुन्या चादरीत गुंडाळून दिलं.

पण आमचं काम संपलं नव्हतं. शिंगरामागून पडायला हवी ती वार पडत नव्हती. गाईची वार दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तरी फारसं बिघडत नाही. घोडीला मात्र काही तासांत त्याचं विष होतं, ताप चढतो आणि पुढे खुरं धरतात, म्हणजे आतून सुजतात. खुरं गेली की घोडं परत कधी उभं राहत नाही. लोंबणारी वार तिच्या पायात येऊ नये म्हणून मी ती वर बांधून ठेवली. सरांना विचारून इंजेक्शनं देत राहिले. पाड्यावर जाऊन उरलेल्या शेळ्या उरकल्या आणि परत आले. दिवस कलताना वार पडली. पोत्यावर पसरून बघितली तर एका टोकाला तुकडा कमी होता. तो आतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीला ताप होता. गर्भपिशवी धुऊन काढली, औषधं दिली. पुढच्या खुरांना हात लावला तर ती गरम लागत होती. सरांनी एकच सांगितलं होतं, खुरं थंड ठेव, बर्फात ठेव, वाटेल ते कर.

“बर्फ?” मामी म्हणाल्या. “बर्फ पाहिजे ना? थांबा.” आणि चपला घालून निघाल्या.

त्या रिक्षातून परत आल्या तेव्हा रिक्षाच्या मागच्या भागातून पाणी ठिबकत होतं. मासळीवाल्या बायांकडून त्यांनी मासळीखालचा बर्फ उचलून आणला होता. आम्ही तो गोणपाटात भरून घोडीच्या पुढच्या पायांना बांधला. घोडी मान खाली घालून उभी राहिली. सगळ्या तबेल्यात बोंबलांचा वास सुटला. रिक्षावाला नाक धरून म्हणाला, “मामी, घोडी वरातीला न्यायची की बाजारात?” त्या सकाळी पहिल्यांदा मामी हसल्या.

पुढचे काही दिवस हेच चाललं. मासळीवाल्या बायांना कळलं होतं, त्या बर्फ वेगळा काढून ठेवायच्या. एकदा तर त्यांतली एक स्वतःच पाटी घेऊन घोडी बघायला आली. मी तलासरीहून ये-जा करत होते. एका सकाळी गेले तेव्हा मामी घोडीच्या सडांखाली बघत बसल्या होत्या. दूध थेंब थेंब गळत होतं. दूध काढू नका, खुराक कमी करा, आपोआप आटेल, असं मीच सांगितलं होतं.

“आटेल हो,” मामी म्हणाल्या. “पण हिला कोण सांगणार, कशाला आलं नि कशाला आटतंय?” मी त्यांच्या शेजारी बसले. पहिल्या बाळंतपणात माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं, ते मी त्यांना सांगितलं. याआधी ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मामींनी माझा हात हातात घेतला आणि घोडीकडे बघत राहिल्या.

तपासणीसाठी वलसाडलाच ठेवून घेतलेले मामा आले ते डोळ्याला हिरवी पट्टी आणि वर काळा चष्मा लावून. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलानं त्यांना अंगणात खाटेवर बसवलं. घोडीचा ताप उतरला होता, खुरं गार होती. मामी तबेल्यात गेल्या, घोडीचा दोर सोडला आणि तिला अंगणात घेऊन आल्या. मामांनी हात पुढे केला. घोडीनं त्यावर तोंड ठेवलं. मामा रडले तर डोळ्याला बरं नाही म्हणून मामी ओरडल्या, आणि ओरडता ओरडता स्वतःच रडू लागल्या.

“तुझ्याकडे कशी आली ही?” मामांनी थोड्या वेळानं विचारलं.

“कुठे जाणार होती?” मामी म्हणाल्या. “तुम्ही होतात का?”

दिवाळीनंतर जंताचं औषध द्यायला मी तिकडे गेले तेव्हा घोडी अंगानं भरली होती, केसांवर चकाकी होती. मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, संजाणला एकाकडे चांगला घोडा आहे, आता हिला पुन्हा गाभण ठेवायला हरकत नाही ना? मी सांगितलं, तब्येतीनं हरकत नाही, पण वर्षभर थांबलं तर बरं. मामी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

“वर्षभर नाय,” त्या सुपातून वर न बघता म्हणाल्या. “आता नकोच. ती पोरांना फिरवेल, वरातीला जाईल, पुरे झालं.”

मामा म्हणाले, “अगं, तिलाही वाटत असेल ना, एक पोर असावं.”

मामींनी सूप खाली ठेवलं. “वाटत असेल,” त्या म्हणाल्या. “पण त्या दिवशी नारळांमधून तिला घेऊन तुम्ही नव्हता फिरलात.”

मामांनी मान हलवली आणि मला म्हणाले, “राहू दे, बेन. संजाणवाल्याला नाय म्हणून कळवतो.” मामींनी मला चहा घेऊन जा म्हटलं, आणि मी चहाला थांबले.